न झालेल्या लग्नाची साक्ष

९ जानेवारी

फादर म्हणाले, "अर्ज नंतर भर. आधी आठवेल तसं लिहून काढ, आणि परक्या माणसाला कळेल असं लिही. न्यायालयात बसलेल्यांना तुझं घर माहीत नाही." आमचे फादर माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहेत आणि मला अगं-तुगं करतात. तरी त्यांचं ऐकते, कारण माणूस सरळ आहे. नवी वही आणायचा कंटाळा आला, म्हणून दुकानातली मापांची वही उलटी करून मागून सुरुवात केली आहे. पुढून लोकांचे सोफे, मागून मी.

तर परक्या माणसा, ऐक. वय एकेचाळीस. धंदा जुन्या सोफा-खुर्च्यांना नवं कापड चढवण्याचा, बाबांकडून शिकलेला. घरात आई आहे, वय एकाहत्तर. ती अजून दुकानात येऊन खोळी शिवते आणि चर्चच्या महिला मंडळावर राज्य करते. दुसरी माझी सोळा वर्षांची मुलगी. तिला आम्ही वकीलबाई म्हणतो, कारण जेवायला बोलावलं तरी ती आधी पुरावा मागते. माझं लग्न बाविसाव्या वर्षी झालं, चर्चमध्ये, रीतसर. तेरा वर्षं ते मी रेटलं. कोर्टात घटस्फोट होऊन सहा वर्षं झाली.

आता मला पुन्हा लग्न करायचं आहे. एवढं लिहून मी उठले आणि आरशात पाहून आले. चेहरा चांगलाच लाल झाला होता.

१० जानेवारी

तो नळवाला आहे. दुकानाच्या मागच्या भिंतीतला पाइप फुटला तेव्हा आला, तीन दिवस काम केलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "खरं तर पाइप कालच नीट झाला होता. आज उगाच आलो." बायको जाऊन आठ वर्षं झाली, मूलबाळ नाही, आणि मला अजून अहो-जाहो करतो. आई त्याला पाण्यात पाहते. "धंदाच आहे माझा तो," म्हणून तो हसण्यावारी नेतो.

अडचण अशी की कोर्टाच्या कागदाने मी सरकारच्या लेखी मोकळी झाले, चर्चच्या लेखी नाही. चर्चमध्ये घटस्फोट हा प्रकारच नाही. खरं लग्न एकदा झालं की दोघांपैकी एक जण जाईपर्यंत ते राहतं. मार्ग एकच. धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपच्या, न्यायालयाने तपासून सांगायला हवं की त्या दिवशी जे झालं ते मुळात लग्नच नव्हतं.

नळवाला म्हणाला, "रजिस्टर लग्न करून टाकू. सह्या केल्या की झालं."

मी म्हटलं, "तसं केलं तर चर्चच्या लेखी मी एकाची बायको असून दुसऱ्याच्या घरात राहणार. मग रविवारी मी कुठल्या तोंडाने आत जाऊ?"

त्याने हातातला पाना पिशवीत ठेवला. मग म्हणाला, "बरं, थांबू. सिमेंट सुकल्याशिवाय मी पाणी सोडत नाही." मला रडू आलं, पण मी ते शिंकेवर घालवलं.

१३ जानेवारी

आज फादरांकडून दोन गोष्टी घेऊन आले. एक, चर्चमधल्या बाकांखालच्या गुडघे टेकायच्या फळ्यांना नव्या गाद्या बसवायचं काम. बावन्न गाद्या. दुसरी गोष्ट अशी की ती ऐकून मी सरळ येऊन ही वही उघडली.

बोलता बोलता मी म्हटलं, "सहा वर्षं मागच्या बाकावर बसतेय. ख्रिस्तशरीर घ्यायला सगळे रांगेत उभे राहतात आणि मी चपला बघत बसते. एवढी शिक्षा पुरे नाही का झाली?"

फादरांनी कप खाली ठेवला. "रांगेत का नाही उभी राहत?"

"घटस्फोटित आहे ना मी."

"मग? दुसरं लग्न केलंस? कोणाबरोबर संसार थाटलास?"

"नाही."

"मग तुला कोणी अडवलंय? नुसत्या घटस्फोटाने काही अडत नाही. पापकबुली करायची आणि इतरांसारखं यायचं. हे तुला सांगितलं कोणी?"

"आईने."

मी सहा गुणिले बावन्न असा हिशेब करत होते. किती रविवार गेले ते कळल्यावर मात्र मी हिशेब सोडून दिला.

१८ जानेवारी, रविवार

गेले. रांगेत उभी राहिले, ख्रिस्तशरीर म्हणून देतात ती पवित्र भाकर घेतली, सगळ्यांच्या देखत. परत येताना पाय जमिनीला लागत नव्हते. मंडळातल्या बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. ढोसू देत.

घरी आईला विचारलं, "तू मला असं का सांगितलं होतंस?" ती भांडी घासत होती. म्हणाली, "माझ्या लहानपणी असंच सांगायचे." नंतर तीच तीच बशी तिने चार वेळा घासली. खोटं सापडलं की माणसाला असं कामाचं सुचतं.

२ फेब्रुवारी

चाळीस पानं लिहून काढली. त्याचं पिणं, त्याचं रात्र रात्र घरी न येणं, त्याने फोडलेली काच, त्याने विकलेलं बाबांचं शिलाई मशीन. असा दणकेबाज खटला उभा केला की कोणीही एका बैठकीत मला सोडवेल. फादरांनी सगळं वाचलं, मान हलवली आणि म्हणाले, "हे घटस्फोटाच्या कोर्टात चालतं. इथे यातलं फारसं चालणार नाही."

"का म्हणून?"

"हे सगळं लग्नानंतरचं. आम्ही लग्न मोडत नाही. त्या दिवशी वेदीपाशी तू 'हो' म्हणालीस, ते खरं 'हो' होतं का, तेवढंच बघतो. तुझी पानं त्या दिवसाच्या नंतर सुरू होतात. त्याच्या आधी काय झालं?"

मी म्हटलं, "आधी काही नाही झालं." आणि गाद्यांचा फोम मापायला उठले.

६ फेब्रुवारी

आधी काय झालं ते इथे लिहिते. हे कोणाला दाखवायचं नाही, फादरांनासुद्धा नाही.

बाबांना झटका आला, उजवी बाजू गेली. मुलगा त्यांच्या मित्राचा, लग्न त्याआधीच ठरवून टाकलेलं. मला तो नको होता. त्याचं काही वाईट माहीत होतं असं नाही, पण मला नको होता. मी हे आईला एकदा सांगितलं नाही, दहा-बारा वेळा सांगितलं. आई चार दिवस जेवली नाही. लग्नाला तीन दिवस उरले असताना मी पळून मावशीकडे गेले. मावशीने दार लावून घेतलं, मला जवळ घेतलं. संध्याकाळी आई आली. मावशीशी भांडली, माझा दंड धरला, आणि वाटेत एकच वाक्य बोलली. "तू नाही म्हटलंस आणि तुझे बाबा गेले, तर ते तुझ्यामुळे." मग मी हो म्हटलं. आईला, आणि तीन दिवसांनी चर्चमध्ये. बाबा त्यानंतर दोन वर्षं जगले.

बाबा गेले, मावशी गेली. आता हे आम्हा दोघींशिवाय कोणालाच माहीत नाही. एकोणीस वर्षांत त्यावर आम्ही एक शब्द बोललेलो नाही.

२० फेब्रुवारी

अर्ज पाठवला. त्यात चौतिसावा प्रश्न होता, "होकार देताना आपल्यावर कोणाचा दबाव किंवा भीती होती का?" मी लिहिलं, "नाही." खाली शपथेवर सही केली.

पाप आहे, कळतं मला. पण आई या वयात, मंडळाची प्रमुख, आणि तिच्याबद्दल बिशपच्या न्यायालयात असलं काही मी लेखी द्यायचं? तिचा मला कितीही राग येवो, तो माझा आणि तिचा आहे. परक्यांसमोर मी तिला उघडं पाडणार नाही. नवऱ्याचं पिणं पुरेसं होईल. साक्षीदार म्हणून घरातलं माणूस हवं होतं, तिथे आईचंच नाव घातलं. ती काय बोलणार? काही नाही.

२४ फेब्रुवारी

वही दुकानात विसरले होते. आई एका खुर्चीची खोळ कापायला मागे थांबली होती, तिने संध्याकाळी घरी आणून दिली. मापं बघायला लागली म्हणाली. मापं पुढच्या बाजूला असतात, त्यामुळे काळजी नाही. चष्मा मात्र घरी येईपर्यंत डोळ्यांवरच ठेवला होता तिने. रस्त्याने चष्मा लावून चालली की तिला गरगरतं, तरीसुद्धा. म्हातारपण दुसरं काय.

१ मार्च, रविवार

आज नवलच झालं. मी रांगेत, आणि आई बाकावर! जन्मात तिने ख्रिस्तशरीर चुकवलेलं मी पाहिलं नाही. "गुडघे दुखतायत," म्हणाली. मी म्हटलं, "म्हणून तर नव्या गाद्या बनवतेय." हसली नाही.

८ मार्च

वकीलबाईने आज जेवता जेवता विचारलं, "ते लग्न झालंच नव्हतं असं ठरलं, तर मग मी कोण?" माझ्या हातातला घास हातातच राहिला. याचा विचार मी केलाच नव्हता, लाज वाटते लिहायला. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "घाबरू नकोस. मी फादरांना विचारून आले. चर्चच्या कायद्यात स्पष्ट आहे, मुलांच्या औरसपणाला धक्का लागत नाही. फक्त तू मला विचारतेस का ते बघत होते."

तिला जवळ ओढलं. आई ताटावरून उठून आत गेली. हल्ली तिला आमचं काही गोड लागत नाही.

२२ मार्च

आईने मंडळाचं प्रमुखपद सोडलं. एकवीस वर्षांनी! कारण विचारलं तर, "लायकी नको का?" म्हणाली. कोणाशी तरी बिनसलं असणार. मंडळात दोन शिंपिणी आहेत, त्यांच्याशी तिचं कधी जमलं नाही. आजही ती बाकावरच बसून राहिली.

१९ मे

न्यायालय! मी उगाच मोठी इमारत डोळ्यांसमोर आणली होती. दोन खोल्या, एक पंखा, आणि साक्षीदारांसाठी अशी खुर्ची की तिच्या स्प्रिंगा वर आलेल्या. अर्धं लक्ष माझं तिच्यातच होतं.

न्यायाधीश फादर वयस्कर आहेत, पेन्सिल चावत ऐकतात. त्यांच्या शेजारी एक सिस्टर. त्यांचं काम ऐकून मी थक्क झाले. लग्नाच्या गाठीची राखण करायची, म्हणजे लग्न खरंच होतं असं जेवढं म्हणता येईल तेवढं म्हणायचं. पगारी भांडखोर, असं मी मनात म्हटलं.

सिस्टरनी विचारलं, "ते लग्नाआधी पीत होते?"

"नाही. म्हणजे मला माहीत नाही."

"मूल नको असं कोणी म्हणालं होतं?"

"नाही."

"तुम्ही आपल्या मर्जीने आलात?"

"हो."

न्यायाधीशांनी पेन्सिल तोंडातून काढली. "मग, बाई, तुमचं म्हणणं नेमकं काय आहे?"

मी पुन्हा त्याच्या पिण्याचंच सांगू लागले. घरी आल्यावर नळवाल्याला सांगितलं, "बहुतेक हरणार." तो म्हणाला, "हरलात तर मी रोज पाइप तपासायला येईन. त्याला कोणाची ना नसावी." त्याच्या अशा बोलण्याने धीरही येतो आणि जीवही जातो.

४ जून

आई आज ठेवणीतले कपडे घालून सकाळीच बाहेर पडली. "कुठे?" "काम आहे." दुपारी परत आली ती फार थकून, आणि झोपलीच नाही, भिंतीकडे बघत पडून राहिली. तिलाही साक्षीचं बोलावणं होतं हे माझ्या नंतर लक्षात आलं. म्हणजे जाऊन आली. आणि काय सांगितलं असेल ते मला माहीत आहे. नळवाला तिला पहिल्यापासून नको आहे. लग्न चांगलं होतं, मुलीनेच टिकवलं नाही, असं सांगून आली असणार. मी मूर्ख, मीच तिचं नाव घातलं.

रात्रीच्या जेवणाला मी तिच्याशी बोलले नाही.

७ जून, रविवार

आई आज रांगेत उभी राहिली. माझ्या पुढे. मार्चपासून पहिल्यांदा. परत येताना तिचे डोळे भरलेले होते. माझं लग्न बुडवून हिला शांती मिळाली, असं मनात आलं. देवाच्या दारात असा विचार आला म्हणून पुन्हा पापकबुलीला जायला हवं.

११ ऑगस्ट

न्यायालयातून पुन्हा बोलावलं. एकच मुद्दा, म्हणाले. न्यायाधीशांनी चौतिसावा प्रश्न माझ्यासमोर ठेवला. "या उत्तरावर तुम्ही ठाम आहात?"

"आहे."

"लग्नाआधीच्या आठवड्यात घर सोडून कुठे गेला होतात?"

हे यांना कसं कळलं? मावशीला जाऊन अकरा वर्षं झाली. मी म्हटलं, "आठवत नाही."

सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. भांडखोर नजर नव्हती ती. न्यायाधीश म्हणाले, "शपथेची आठवण करून देणं माझं काम आहे. घरी जा. आठ दिवसांनी या, आणि आठवून या."

१२ ऑगस्ट

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

दुकानात मी शेवटच्या गाद्यांना खिळे मारत होते, आई समोर बसून खोळींच्या कडा शिवत होती. तिने सुई टोचून ठेवली आणि म्हणाली, "काल काय सांगून आलीस?"

"तुला काय करायचंय? तू तुझं सांगून आलीस ना?"

"हो. मी खरं सांगून आले. तू तुझं खोटं परत घेऊन ये."

मी हातोडी खाली ठेवली. "कसलं खोटं?"

"कसलं ते तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. मावशीच्या घरापासून आपल्या घरापर्यंत मी तुला काय बोलले, ते मी त्या पेन्सिलवाल्याला अक्षरन् अक्षर सांगितलं. आता तू जाऊन नाही म्हणालीस, तर आपल्यातली एक जण खोटारडी ठरणार. आणि मी या वयात खोटारडी ठरणार नाही, सांगून ठेवते."

"आई, मंडळात कळलं तर?"

"मंडळ गेलं खड्ड्यात," आई म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडलं हे लिहून ठेवायलाच हवं.

मग म्हणाली, "माझी अब्रू राखायला तुला कोणी सांगितलं होतं? विचारलं होतंस का मला?"

मी म्हटलं, "तू विचारलं होतंस मला?"

एकोणीस वर्षांनी बाहेर पडलं ते. आईने सुई पुन्हा उचलली, पण दोरा तिला दिसत नव्हता. मी ओवून दिला. पुढे संध्याकाळपर्यंत काम चाललं, तेरा गाद्या झाल्या, आणि घरी जाताना तिने माझा हात धरला. रस्ता ओलांडायला नव्हे, नुसताच.

१८ ऑगस्ट

सगळं सांगितलं. मावशीचं घर, चार दिवसांचा उपास, ते वाक्य. एकदा सुरू झाल्यावर थांबताच येईना. न्यायाधीशांनी विचारलं, "आधी खोटं का लिहिलंत?" मी म्हटलं, "आई आहे ती." यावर त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

सिस्टरनी मात्र सोडलं नाही. आईने मारलं का? कोंडलं का? नाही म्हणून ठाम उभं राहता आलं नसतं का? मी म्हटलं, "सिस्टर, बाबा पलंगावर होते. तुम्ही राहिला असता का उभ्या?" त्यांनी ते लिहून घेतलं. येताना त्या साक्षीदारांच्या खुर्चीची लाज वाटून मी म्हटलं, ही पाठवून द्या, चार दिवसांत नीट करून देते. तर सिस्टर म्हणाल्या, "निकाल लागेपर्यंत तुमच्याकडून टाचणीसुद्धा घेता येणार नाही." तेव्हा मला ती बाई आवडली.

६ ऑक्टोबर

सगळ्यांच्या साक्षी आज वाचायला मिळाल्या, तिथेच टेबलाशी बसून. आधी वकीलबाईच्या बाबाची. मला वाटलं होतं शिव्या असतील. त्याने लिहिलंय, "लग्नाच्या पहिल्या आठवड्यात ती म्हणाली होती, मला इथे यायचं नव्हतं. मी ते मनावर घेतलं नाही. घ्यायला हवं होतं." बाकी काही नाही, एवढंच. तेरा वर्षांत हा माणूस इतकं नीट कधी बोलला नव्हता.

मग आईची. तिची साक्ष त्यांनी तिच्याच शब्दांत उतरवली आहे. इथे उतरवते, पाठ झाली आहे.

"ती नको म्हणाली ते मला ऐकू आलं होतं, मी बहिरी नव्हते. मला नवरा जगायला हवा होता आणि दिलेला शब्द राहायला हवा होता. त्यासाठी मुलगी दिली. लग्न टिकलं नाही, तेव्हा तिलाच दोष दिला. मागच्या बाकावर तिला मीच बसवलं, चर्चने नाही. कारण ती पुढे आली असती तर मला तिच्याकडे बघावं लागलं असतं. तिने अर्जात दबाव नव्हता असं लिहिलं आहे. ते माझ्यासाठी लिहिलं आहे. मला कसं कळलं ते विचारू नका. मापं बघत होते."

मापं बघत होते! मी तिथेच हसले आणि तिथेच रडले. फेब्रुवारीपासूनची पानं डोळ्यांसमोरून गेली. गुडघे, मंडळ, चष्मा. आणि मी काय काय लिहून ठेवलंय तिच्याबद्दल याच वहीत. ते खोडणार नाही. राहू दे, माझ्या शहाणपणाचा नमुना म्हणून.

घरी गेले तेव्हा आई बटाटे सोलत होती. मी म्हटलं, "वही मागूनही वाचतेस होय?" ती म्हणाली, "अक्षर सुधार. डोळे फुटले माझे."

२४ नोव्हेंबर

निकाल आला.

फादर स्वतः दुकानात आले, पाकीट घेऊन. माझे हात गोंदाने बरबटलेले, म्हणून वकीलबाईने वाचलं, खणखणीत आवाजात. आदरापोटीच्या भीतीने दिलेला होकार हा होकार नव्हे. ते लग्न पहिल्यापासूनच अवैध होतं, हे सिद्ध झालं आहे.

मी अर्धवट सोललेल्या सोफ्यावर बसले. नळवाला दारात उभा होता, त्याला कोणी बोलावलं ते अजून कळलेलं नाही. त्याने टोपी काढली आणि पुन्हा घातली, आणि पुन्हा काढली. वकीलबाई फादरांना म्हणाली, "अपील?" फादर म्हणाले, "पंधरा दिवस मुदत आहे. राखणदार सिस्टर करू शकतात." आई म्हणाली, "करू देत. मी पुन्हा जाऊन सांगेन. यावेळी मोठ्याने."

११ डिसेंबर

मुदत संपली. अपील नाही. सिस्टरना भेटून आभार मानायला गेले, तर म्हणाल्या, "आभार कसले? माझं काम लग्न वाचवायचं. वाचवायला लग्न सापडलं नाही." आणि आता त्यांनी ती खुर्ची दिली. खांद्यावर घालून आणली मी. रस्त्याने लोक बघत होते, मी राणीसारखी चालत होते.

१७ जानेवारी, रविवार

आज चर्चमध्ये आमच्या लग्नाची सूचना वाचली. कोणाची हरकत असल्यास कळवावे. मंडळातली एक शिंपीण मागे वळून आईकडे बघायला लागली, तर आईने तिला असं रोखून पाहिलं की बिचारी प्रार्थनेचं पुस्तक उलटं धरून वाचायला लागली.

३० जानेवारी

आजचं आजच लिहिते, दोन ओळी तरी. नळवाला, म्हणजे आता माझा नवरा, बाहेर पाहुण्यांना निरोप देतोय.

सकाळी तयार होऊन खोलीत बसले होते. वकीलबाई फुलं आणायला गेली होती. बाहेर सगळे जमलेले, आवाज येत होते. आई आत आली, दार लावून घेतलं आणि माझ्या समोर उभी राहिली. मला वाटलं केस नीट करायला आली. तिने केसांना हात लावला नाही.

म्हणाली, "तुला हे लग्न करायचंय का?"

मला आधी कळेचना. "आई, बाहेर सगळे..."

"बाहेरच्यांचं राहू दे. मी तुला विचारतेय. नको असेल तर आत्ता सांग. मी बाहेर जाऊन सगळ्यांना परत पाठवते, फादरांसकट. तुला कोणी एक शब्द बोलणार नाही. मी बोलू देणार नाही."

ती जागची हलली नाही. खरंच पाठवलं असतं तिने, मला माहीत आहे. मी म्हटलं, "करायचंय, आई. मला तोच हवाय."

"नक्की?"

"नक्की."

आईने रुमाल काढला, माझे डोळे पुसले, मग स्वतःचे, आणि दार सताड उघडलं. "मग ऊठ," म्हणाली. "तो बिचारा तासाभरापासून उन्हात उभा आहे."